चौथा रेडिएटर

मार्चमधल्या एका मंगळवारी माझा नवरा देवळ्याच्या रस्त्यावर वारला. पिकअपमध्ये मिरचीची रोपं होती. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने काच वाजवली. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार असं लिहिलं. रोपं संध्याकाळी दुसऱ्या गाडीने शेतावर पोहोचली.

त्याआधी बावीस वर्षं आमचा दिवस दोन तुकड्यांत चालायचा. तो सकाळचा माणूस होता. दिंडोरी रस्त्याला एक मोठी रोपवाटिका आहे. तिथून मिरची, टोमॅटो, कोबी अशी भाजीपाल्याची रोपं ट्रेमध्ये भरायची आणि जिल्हाभरच्या शेतांवर नेऊन द्यायची, हे त्याचं काम. मी इंदिरानगरमधल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय दुपारी चारला उघडतं. त्यामुळे दुपारचं जेवण तेवढं आम्ही एकत्र घ्यायचो. जेवताना तो रस्त्यांबद्दल बोलायचा. कुठे पूल खचलाय, कुठल्या चढावर कोणत्या गिअरला गाडी दम खाते, कोणत्या शेतकऱ्याची म्हातारी पाणी विचारते. मी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून ऐकल्यासारखं करायची. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले, पण ते खरं आहे, म्हणून राहू देते.

तेराव्यानंतर चार दिवसांनी माझा दीर आला. तो नाशिकरोडला राहतो. त्या सगळ्या दिवसांत दवाखाना, अमरधाम, कागदपत्रं, जेवणावळ हे त्यानेच एकट्याने केलं होतं. मी आणि सासूबाई नुसत्या भिंतीला टेकून बसलो होतो. तेव्हा त्याच्याबद्दल जे पुढे लिहिणार आहे, त्याआधी हे नोंदवायला हवं.

"वहिनी, गाडीला गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "ओळखीतला माणूस आहे. उभी राहून गंजण्यापेक्षा बरं."

"गंजणार नाही. मी चालवणार आहे."

तो हसला. दुःखाच्या घरात हसल्याबद्दल त्याला लगेच वाईट वाटलं आणि त्याने चहाचा कप तोंडाला लावला. मग म्हणाला, "कुठे? वाचनालयापर्यंत?"

"हे न्यायचे तिथे."

"वहिनी, ती पिकअप आहे. स्कूटर नाही. मागे लोखंडी मांडणी, त्यात ट्रे, वर उन्हासाठी शेडनेटची जाळी. ब्रेक मारला तर सगळं बिऱ्हाड पुढे येतं."

"मग ब्रेक हळू मारीन."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "तिला लायसन हाय का पण?"

लायसन्स होतं. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यानेच हट्टाने काढायला लावलं होतं. मी वर्षातून एकदा जावेच्या गावी जाताना दिराची छोटी गाडी चालवायची, तेवढीच. पण होतं.

गाडी का विकली नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. वाचनालयात येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी तर "हा शोकाचा एक टप्पा असतो, जाईल" असंही समजावलं. मी त्यांचं पुस्तक नोंदवून परत दिलं. शोकाला टप्पे असतील. त्याबद्दलची पुस्तकं आमच्याकडे दोन आहेत आणि मी ती वाचली आहेत. माझं कारण साधं होतं. बावीस वर्षं जे मी ऐकलं नाही, ते मला बघायचं होतं. तो ज्या चढाबद्दल बोलायचा तो चढ, ती पाणी विचारणारी म्हातारी. गाडी विकली असती तर हे सगळं कायमचं त्याच्याबरोबर गेलं असतं. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. बस.

रोपवाटिकेच्या मालकाने सुरुवातीला जवळच्या फेऱ्या दिल्या. गाडी रात्री तिथेच उभी असते. मी सकाळी साडेसहाला स्कूटरने तिथे पोहोचते, ट्रे भरून होईपर्यंत तेल-पाणी बघते आणि निघते. दुपारी दोनपर्यंत परत यावं लागतं, कारण चारला वाचनालय. पहिला महिना गिअर बदलताना मी तोंडाने आकडे म्हणायची. दिंडोरी नाक्यावरचे टेम्पोवाले हात करून म्हणायचे, "मॅडम, धडा कितवा?" मी सांगायची, "तिसरा." खरंच तिसरा गिअर असायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी पहिल्यांदा उकळली. देवळ्याकडे जाताना लागणाऱ्या घाटात. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि एक गोडसर, जळकट वास सुटला. मी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. आणि मग मी तशीच बसून राहिले. कारण याच रस्त्यावर याच तीन गोष्टी याच क्रमाने त्याने केल्या होत्या.

बऱ्याच वेळाने खाली उतरले. झाकण गरम असताना उघडायचं नाही एवढं मला माहीत होतं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि झाडाखाली बसून वाचू लागले. रडण्यापेक्षा ते मला जास्त जमतं. एक मोटरसायकलवाला थांबला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, डायवर कुठं गेला?"

"ड्रायव्हर वाचतोय," मी म्हटलं.

नाशकात द्वारका चौकाच्या बाजूला फक्त रेडिएटरचं काम करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पाण्याचा हौद आणि हवेची टाकी. वय साठीचं. त्यांनी रेडिएटर काढला, उलटा करून आपटला. खडूसारखे पापुद्रे खाली पडले.

"साहेब कुठे आहेत ताई? जरा समजून सांगायचं होतं."

"मला सांगा."

"साहेबांना फोन लावून द्या ना. मी सांगतो त्यांना."

"साहेब मार्चमध्ये गेले."

त्यांनी हात फडक्याला पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. मग एक प्लास्टिकची खुर्ची हौदाजवळ ओढली. "बसा. हे बघा, ही जाळी. या नळ्यांतून पाणी फिरतं, बाहेरून वारा लागतो, पाणी थंड होतं. आता नळ्यांत चुना बसलाय. जड पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं. साहेबांनी वर्षानुवर्षं तेच टाकलं असणार."

टाकलं होतं. रोज सकाळी झाकण उघडून तोंडाशी येईपर्यंत पाणी भरायचं, ही त्याची सवय. रोपवाटिकेच्या विहिरीवरच्या नळाचं. आमच्याकडे बैलाला पाणी दाखवल्याशिवाय जुंपत नाहीत. त्याच्या वडिलांचे बैल होते आणि त्याने ती रीत पिकअपला लावली होती. मीही मे महिनाभर तेच करत होते, तसंच, त्याच निळ्या कॅनने. गाडीला पाणी लागतं का, हे न बघता.

"नवा बसवतो," ते म्हणाले. "कूलंट घालतो. वर टाकायची वेळ आली तर चांगलं पाणी टाका. जड नको."

खाली पडलेल्या पापुद्र्यांतला एक मी कागदात बांधून घरी आणला. त्याच्या हातचं काही म्हणून. तीन दिवस तो कपाटात होता. चौथ्या दिवशी मला तो नुसता चुना दिसला आणि मी तो कचऱ्यात टाकला.

आता चांगलं पाणी कुठून आणायचं? रोपवाटिकेत रोपांना पाणी घालणारी एक बाई आहे. पेठ तालुक्याकडची. तीच तिथली जाणकार. कोणत्या ट्रेला तहान लागली आहे हे ती लांबून सांगते. मला सवयीने विहिरीच्या नळाखाली कॅन लावताना तिने बघितलं आणि हाक मारली.

"बाय, त्या नळाचं नको. लय जड हाय ते. आम्ही रोपांना बी देत नाय."

"मग रोपांना कुठलं देता?"

"हा पाइप. टाकीतलं. मालक सुधारून घेतात ते. पानं बघा कशी चकाकतात! घ्या, तुमच्या गाडीला बी पाजा."

तिने माझा कॅन स्वतःच्या हाताने भरून दिला. मी विचार केला: ज्या पाण्यावर सुतासारखी मुळं वाढतात, ते लोखंडा-पत्र्याला काय करणार? शिकलेल्या माणसाचा हा तर्क होता. मला तो अजूनही तर्क म्हणून पटतो. चूक एवढीच की तो पूर्ण खोटा होता. त्या दिवसापासून रोज सकाळी मी नव्या रेडिएटरचं झाकण उघडत असे. जुनंच झाकण होतं ते. त्याचं रबर झिजलेलं, म्हणून रोज थोडं पाणी कमी व्हायचं, आणि रोज मी रोपांचं पाणी भरायची. काळजीने. त्याने जे चुकवलं ते मी चुकवणार नाही, अशा काळजीने.

ऑगस्ट संपता संपता दुसरा रेडिएटर गेला. भर पावसात गाडी गरम झाली. द्वारकेच्या चाचांनी जाळी हौदात बुडवून हवा सोडली. बुडबुडे एका ठिकाणाहून येतील अशी त्यांची अपेक्षा होती. ते आठ-दहा ठिकाणांहून आले. चाचा बराच वेळ वाकून बघत राहिले.

"चुना नाही. आतून खाल्लाय. माल खराब निघाला असेल," ते म्हणाले. "पूर्वी तांब्याचे यायचे, डाग देऊन भोक बुजवता यायचं. हा ॲल्युमिनियमचा. बदलायचाच."

या वेळी गाडी बंद पडल्याची बातमी घरी माझ्याआधी पोहोचली. गाडी ओढून आणणारा दिराच्या ओळखीचा निघाला. रविवारी दीर आला आणि उभ्याउभ्याच बोलला.

"वहिनी, लोक काय म्हणतात माहिती आहे? ती गाडी लाभत नाही तुम्हाला."

"मला लाभत नाही की बाईला लाभत नाही?"

"मी नाही म्हणत. लोक म्हणतात."

"लोकांना चालवायची आहे का?"

"हे असं तोंड तुम्ही दादासमोर कधी केलं नाही."

"त्यांनी कधी गाडी विका म्हटलं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "भांडू नका रे. एक काय ते ठरवा." आमच्या घरात आधी त्यांच्या नवऱ्याने आणि मग माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं. आता दोघेही नव्हते, तेव्हा आम्ही तिघांनी ठरवलं. दीर म्हणाला, आणखी एकदा गाडी अशी रस्त्यात उकळली तर विकायची. मग रडारड नाही, वाद नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या थकल्या होत्या. मी म्हटलं, "बरं. तिसऱ्यांदा उकळली तर किल्ली तुमच्या हातात देईन."

असा शब्द मी का दिला? मला वाटलं होतं, तिसऱ्यांदा होणारच नाही. मी इतकी काळजी घेत होते. सकाळी झाकण, कॅन, चकाकत्या पानांचं पाणी. एकदाही चुकवलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, मंगळवार नव्हता, गुरुवार होता, मी कोबीची रोपं घेऊन घोटीकडे चालले होते. ऑक्टोबरमधलं ऊन रोपांना जूनपेक्षा वाईट. महामार्ग सोडून आत वळले आणि दोन किलोमीटरवर काटा चढू लागला. मी त्याला ओळखत होते. हीटर लावला, खिडक्या उघडल्या, वेग कमी केला. चाचांनी शिकवलेलं सगळं केलं. काटा चढतच राहिला. भाताच्या कापणीला आलेल्या एका खाचराशेजारी मी गाडी उभी केली. वाफ आली. मी पुस्तक काढलं नाही.

ज्याची रोपं होती त्या शेतकऱ्याला फोन केला. तो अर्ध्या तासात ट्रॅक्टर घेऊन आला. माझ्याच वयाचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आधी त्याने शेडनेट उचलून रोपांकडे बघितलं, मग गाडीकडे, शेवटी माझ्याकडे. क्रम मला आवडला.

"ताई, माना टाकल्यात रोपांनी. पाणी हाय का काही?"

पुढच्या सीटखाली निळा कॅन होता. भरलेला. त्याने कॅनच्या झाकणाला खिळ्याने दोन भोकं पाडली आणि ट्रेवर पाणी शिंपडू लागला. शिंपडता शिंपडता थोडं हातावर घेतलं, बोटांनी चोळलं.

"हे कुठलं पाणी?"

"रोपवाटिकेचं. पाइपातलं."

"मग ब्येस! रोपांना घरचंच जेवण मिळालं की."

"म्हणजे?"

"खताचं पाणी हाय ना हे. नर्सरीवाले टाकीत विरघळणारं खत सोडतात. आणि त्याच्या आधी ॲसिड."

"ॲसिड?"

"आपल्याकडलं पाणी जड. सामू, म्हंजे पीएच, उतरवल्याशिवाय खत लागू होत नाय. मी बी ठिबकला सोडतो की. थोडंच असतं, हात भाजत नाय." त्याने बोटं टॉवेलला पुसली. "तुम्ही कशाला ठेवलंय गाडीत?"

मला हसू येत होतं, आणि ते हसू आहे की दुसरं काही, हे कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "गाडीला पाजते. रोज."

तो एवढ्या जोरात हसला की खाचरातले बगळे उडाले. "अहो ताई! गाडीला काय फळं धरायची होती का?"

रोपं ट्रॅक्टरवर चढवून तो गेला. जाताना ओरडून म्हणाला, "रोपं जगतील, काळजी नाय!" मी गाडीजवळ बसून राहिले. दोन रेडिएटर मी स्वतःच्या हाताने खाल्ले होते. कंपनीचा माल खराब नव्हता, गाडी लाभत नव्हती असंही नव्हतं. मी दोन्ही वेळा, रोज सकाळी, प्रेमाने, त्यांच्यात ॲसिड ओतत होते.

त्या दिवशी गाडी ओढून चाचांकडे पोहोचवली आणि वाचनालय चारच्या ठोक्याला उघडलं. शेतीच्या एका मासिकाचे बांधीव खंड आमच्याकडे मागच्या भिंतीला आहेत; कोणी मागत नाही. सामू, पाण्याची प्रत, ठिबक संचाची झीज. सहा खंड चाळले. पानापानावर होतं. ॲसिड सोडून झाल्यावर धातूचे भाग साध्या पाण्याने धुवून घ्यावेत, अशी सूचना तर चौकटीत छापलेली होती. वर्षानुवर्षं त्या खंडांवरची धूळ मी पुसते. वाचले एकदाही नव्हते.

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी खराब जाळी कापून आतला पांढरा चिकट थर बोटावर घेतला, माझ्यासमोर धरला. "ताई, चाळीस वर्षं हे काम करतोय. बोअरचं पाणी बघितलं, समुद्राचं बघितलं, एकाने उसाचा रस टाकलेला बघितला. खत टाकणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग त्यांनी ते जुनं झाकण हातात घेतलं, रबर नखाने उचकटलं आणि कचऱ्यात भिरकावलं. "नवं झाकण. कूलंट. आणि आता रोज उघडायचं नाही. बंद राहू द्या. ही बैल नाही."

बैलाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सगळेच तसं करत असणार.

रविवारी दीर आला. बरोबर तो ओळखीतला माणूस होता, ज्याला गाडी घ्यायची होती. तो दारातच चपला काढत थांबला. सासूबाई पलंगावर होत्या.

"वहिनी, किल्ली."

"कारण सापडलंय," मी म्हटलं. आणि सांगितलं, टाकी, ॲसिड, झिजलेलं झाकण, चूक कोणाची ते. मी काहीही लपवलं नाही. तो शेवटपर्यंत ऐकत होता.

"म्हणजे तुमच्यामुळेच झालं."

"दोन्ही वेळा. हो."

"मग तर विकायलाच हवी. वहिनी, शब्द दिला होता तुम्ही. आईसमोर."

"दिला होता."

"मग?"

"मग मोडते."

तो ओळखीतला माणूस आपल्या चपलांकडे बघू लागला. दिराचा चेहरा लाल झाला. "एवढी पुस्तकं वाचता, त्यात शब्द मोडायचं शिकवतात?"

"शब्द माझा, मोडते मी. पुस्तकांना कशाला मध्ये घेता? मी तेव्हा कारण न कळता बोलले, आता कळलंय. तुम्हाला मला खोटी म्हणायचं असेल तर म्हणा. चार माणसांत म्हणा. मी नाही म्हणणार नाही. पण किल्ली देणार नाही."

असं मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. माझा आवाज चढला नव्हता. वाचनालयात पुस्तक परत आलं नसेल तर ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात होता. पण हात मी पदरात घट्ट धरले होते.

दीर खुर्चीत बसला. म्हणाला, "मला लोकांचं काही नाही वहिनी. दादा त्या सीटवर... सकाळी तुम्ही निघता ना, मला रोज वाटतं फोन येईल. दोन वाजेपर्यंत मी फोन खिशातसुद्धा ठेवत नाही. हातात असतो."

मला हे माहीत नव्हतं. तो माझ्या गाडीविरुद्ध जे जे बोलला होता त्या सगळ्याचा अर्थ तेव्हा कळला. त्याने अशा स्वरात आधीच सांगितलं असतं तर कदाचित मी सुरुवातीलाच गाडी दिली असती. मी त्या रविवारी तरी द्यायला हवी होती का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याची भीती खरी होती, आणि तरीही ती त्याची होती. त्या भीतीपायी माझ्याकडून गाडी मागितली जात होती. बावीस वर्षं मी त्या सीटवरच्या माणसाचं ऐकलं नव्हतं. आता कुठे त्याचे रस्ते मला दिसू लागले होते. दुसऱ्याच्या काळजीपोटी मी ते परत बंद करणार नव्हते.

"दोन वाजता मी रोज फोन करीन," मी म्हटलं. "पण चालवीन."

"नका करू," तो म्हणाला. "मला नकोच कळायला."

सासूबाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा." त्याने घेतला नाही. तो माणूस मात्र घाईघाईने उभ्याने प्याला, मग दोघे गेले. सासूबाई दाराकडे बघत राहिल्या. माझ्या बाजूने त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याविरुद्धही नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उद्या कुठं?"

"सिन्नरकडे. टोमॅटो."

"डबा भरू का?"

"भरा."

नवरा गेल्याला आता सव्वा वर्ष झालं. घाटातल्या त्या चढावर गाडी खरोखर दुसऱ्या गिअरला दम खाते. तो बरोबर सांगायचा. पाणी विचारणारी म्हातारी सापडली नाही. तो सांगायचा त्या वाडीत दोन जणींना विचारलं, तर दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं आणि दोघी हसल्या. रोपवाटिकेतल्या बाईला मी सगळी हकिगत सांगितली. तिला काही वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, "पण रोपांना तर चालतं!"

दीर आमच्याकडे येत नाही. दिवाळीला सासूबाई त्याच्याकडे गेल्या, मी डबे पाठवले, डबे धुवून परत आले. दोन वाजता मी फोन करत नाही, कारण त्याने नको म्हटलं होतं. सासूबाई करतात; मी घरी पोहोचले की त्या आतल्या खोलीत जाऊन बोलतात आणि दार लोटून घेतात.

गाडी माझ्या नावावर झाली आहे. चौथा रेडिएटर बसवल्यापासून ती उकळलेली नाही. आठवड्यातून चार सकाळी मी दिंडोरी रस्त्याने रोपं घेऊन निघते. मागे ट्रे असतात, पुढे मी एकटी असते.